नको म्हणायची रीत

माझा थोरला भाऊ मास्तरकीचं ट्रेनिंग संपवून काटेवाडीला आला तो सोबत मानसशास्त्र घेऊनच. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गावात तोवर मन म्हणजे रमतं, उडतं आणि खातं, एवढंच ठाऊक होतं. दादानं सांगितलं की माणूस जन्माला येताना नुसती सहजप्रवृत्ती घेऊन येतो: भूक, भीती, राग. चांगलं काय, वाईट काय, लाज कशाची धरायची, हे सारं त्याला भोवतालची माणसं शिकवतात.

मला हे पटायला जड गेलं नाही. लहानपणी ईदला आम्ही बारामतीत ओळखीच्या बागवानांकडं जायचो. चाची शीरखुर्म्याची वाटी पुढं करायच्या. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नकोच, तिसऱ्यांदा लाजत घ्यायची. एकदा मी पहिल्याच खेपेला हात पुढं केला, तर आईनं पदराआडून असा चिमटा काढला की तेव्हापासून वाटी दिसली की माझ्या तोंडून आपोआप 'नको' निघायचं. सुसंस्कृत झाले ती अशी.

पुढं मला इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर होता. दिसायला बरा आहे असं ऐकून होते, पण माझा जीव अडकला होता दुसरीकडंच. सातवीच्या फायनलला मी गणितात आपटले होते, आणि मध्यस्थ म्हणाला होता, त्या घरात पोरीला पुन्हा परीक्षेला बसवतील. आमचे तात्या मात्र एकदा नापास झालेल्या पोरीवर दुसऱ्यांदा फी भरणारे नव्हते.

बघायला मुलाचे वडील आणि त्यांची विधवा बहीण, अशी दोघं आली. मुलाला आई नव्हती. घर ही आत्याच चालवायची. पुरणपोळीचा बेत होता. आदल्या दिवशीच दादानं बजावलं होतं की आग्रह ही निव्वळ सामाजिक सवय आहे. तान्हं मूलसुद्धा पोट भरलं की तोंड फिरवतं, मग मोठ्या माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवू नये? आई ऐकणार नाही म्हणून वाढायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं.

मुलाच्या वडलांनी पहिली पोळी संपवली. दादा दुसरी घेऊन गेला. त्यांनी रीतीप्रमाणं दोन्ही हात ताटावर आडवे धरले आणि लई झालं, नको म्हणाले. अशा वेळी वाढणाऱ्यानं हातांना न जुमानता फटीतून पोळी सरकवायची असते. दादा 'बरं' म्हणाला आणि पोळी घेऊन परत आला. आत्याबाईंचंही तेच. पाहुणे थांबले म्हटल्यावर तात्यांनाही हात आवरावा लागला.

"आरं, ते रीतीचं नको हाय," आई दाराआडून पुटपुटली.

"आई, पोट त्यांचं हाय," दादा म्हणाला.

पान-सुपारीला मुलाचे वडील म्हणाले, "देण्याघेण्याचं आमाला काय नको. पोरगी आन नारळ द्या."

हेही रीतीचंच. यावर मुलीच्या बापानं 'असं कसं, आमची हौस हाय' म्हणायचं आणि पाहुण्यांनी नाइलाजानं एकेक गोष्ट कबूल करायची. तात्यांच्या तोंडात सुपारी होती. तेवढ्यात दादा म्हणाला, "फार उत्तम विचार आहेत तुमचे."

पाहुणे लगेच एसटीला निघाले. स्थळ गेलं म्हणून आई रडली, मीही रडले आणि रडता रडता टोपलीतल्या पोळ्या संपवल्या. दुःख आणि भूक एकाच वेळी चालू शकतात, हे ट्रेनिंगला शिकवत नसावेत.

पंधरवड्यानं मध्यस्थ आला. इंदापुरात म्हणे बरीच आदळआपट झाली होती. पण मुलगा बापाला एवढंच म्हणाला होता, "आबा, नको तुमीच म्हणलात की." आता चार माणसांत बोललेला शब्द फिरवायचा कसा? लग्न नारळावर झालं. दादानं श्रेय मानसशास्त्राला दिलं, बाकीच्यांनी तात्यांच्या सुपारीला.

सासरी दादाची कीर्ती माझ्याआधी पोचली होती. आत्याबाई एकदाच विचारायच्या, "भाकरी?" मी सवयीनं नको म्हणायचे, त्या टोपली झाकायच्या. "तुमच्यात आग्रह चालत न्हाय," असं वर. मी बऱ्याचदा अर्धपोटीच उठले.

एका दुपारी मेथी निवडताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "परीक्षेला बसायचंय का गं तुला?"

नव्या सुनेनं म्हणायचं असतं, नको आत्याबाई, घरचं काम काय थोडं हाय? जिभेवर तेच आलं होतं. पण ही बाई दुसऱ्यांदा विचारणार नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "बसायचंय."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "लगेच व्हय?"

"व्हय."

त्यांनी जुडी पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "बस मग."

सुनेनं पहिल्याच खेपेला व्हय म्हटल्याची गोष्ट आळीभर झाली आणि एसटीनं काटेवाडीलाही पोचली. मी पास झाले, गणितात अगदी काठावर. आईला त्याचं कौतुक होतंच. पण माहेरी गेले की ती आवाज खाली आणून म्हणायची, "निदान एकदा तरी नको म्हणायचं हुतंस, बाई."