दुधीच्या गळ्यातली चिंधी

चंदनसारच्या आमच्या बाल्कनीत एकेचाळीस कुंड्या आहेत. त्यातल्या निम्म्यांत आता फक्त माती राहते. तरीही सोसायटीच्या बागकाम ग्रुपवर सल्ले मीच देतो. ऑफिसातल्या लॉरेन्सने डबा खाताना तेच सल्ले दोन वर्षं ऐकले आणि एकदा म्हणाला, "सर, माझ्या मावशीची वाडी बघून या. चार पिढ्यांची आहे. मग काय ते लिहा." मी लगेच तयार झालो. वाडीची ओढ वगैरे काही नव्हती, ब्लॉगला विषय हवा होता.

तुम्ही जाणार असाल तर रविवारी दहानंतर जा; त्याआधी सगळे चर्चमध्ये मिस्साला गेलेले असतात. विरारचा उड्डाणपूल ओलांडून बोळींजवरून निर्मळच्या दिशेने, स्कूटरवर पाऊण तास. आगगाडीने आलात तर नालासोपाऱ्याहून रिक्षा मिळते, सुटे पैसे ठेवा. हात हलवत जाऊ नका, पण केळी नेऊ नका. मी डझनभर नेली, केळीच्या वाडीत. फिलूमावशींनी ती उलटसुलट करून पाहिली. "छान आहेत. औषधाने पिकवलेली ना?"

साठी केव्हाच ओलांडलेल्या मावशी पुढे आणि मी मोबाइल धरून मागे. मी रचना शोधत होतो, त्या पाणी दाखवत होत्या. मोरीचं पाणी अळूला, अळूवरून ओघळलेलं केळीला. वर नारळ-सुपारी, मधे केळी, खाली सावलीत हळद. सुपारीवर पानवेल चढवलेला, म्हणजे त्याला वेगळा मांडव नको. कोपऱ्यात बावखल, पावसाचं पाणी धरणारं जुनं तळं. "हे आहे म्हणून विहिरीला मे महिन्यात पाणी असतं," मावशी म्हणाल्या. "आजूबाजूच्यांनी बुजवली, इमारती केल्या. आता टँकर मागवतात." मी मान डोलावली. आमच्या इमारतीलाही टँकरच येतो, हे सांगितलं नाही.

"खत कुठलं वापरता?" मी विचारलं.

"खाऊन उरेल ते."

मी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची, पिशवी ज्या दराने आणतो त्या दरात त्यांच्याकडे बहुधा नारळच मिळाले असते.

मागच्या दाराशी दुधीचा वेल होता. दोनच दुधी, बुटके, मान वाकडी केलेले. बाजारात असे दिसत नाहीत. मोठ्याच्या देठाला मळकी पांढरी चिंधी बांधलेली. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मी स्वतःच ठरवलं. फोटोत ती फार वाईट दिसत होती. मावशी चहा झाला का बघायला आत गेल्या तेवढ्यात मी ती सोडली, चार फोटो काढले. परत बांधणार तोच आतून हाक आली, "अहो, चहा निवतोय." चिंधी खिशात गेली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घालून दुधी. असा दुधी मी आयुष्यात खाल्ला नव्हता आणि ते मी तीनदा सांगितलं. मावशींची सून जेनी वाढत होती, ती खूश झाली. मग मावशी हात धुवायला मागच्या दारी गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "जेनी, बियाचा दुधी कापलास?"

"चिंधी नव्हती, मम्मी."

"परवा मी माझ्या हाताने बांधली."

"नव्हती हो. असती तर मी हात लावला असता का?"

मावशी माझ्याकडे वळल्या. पाहुण्याला समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. हे बी त्यांच्या सासूच्या आधीपासून घरात आहे. ज्याचं बी धरायचं त्याला चिंधी बांधतात, मग घरातलं कोणी त्याला हात लावत नाही. गेल्या पावसात डब्यातलं बी कुजलं, एकच दाणा रुजला, तो हा वेल. "हिचं लक्ष असतं मोबाइलमध्ये," त्या म्हणाल्या. जेनी ताटं उचलायला लागली.

माझा हात खिशात होता, चिंधीवर.

"वाऱ्याने उडाली असेल," मी म्हणालो.

त्या दुपारी केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

दुसऱ्यांच्या फजितीवर मी वीस वर्षं लिहितोय. स्वतःची वेळ आली तेव्हा मी एका सुनेला बोलणी खाऊ दिली आणि वर निघताना चार शहाळी घेतली.

घरी आल्यावर चिंधी बायकोला सापडली. "हे काय आणलंस?" मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "फोन कर." मी दोन दिवस घेतले. लॉरेन्सकडून नंबर मिळवला. जेनीने उचलला आणि मी एका दमात कबूल करून टाकलं.

"माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही लॉरेन्सदादाला फोटो पाठवलेत ना, त्याने मम्मींना दाखवले. दुधी आहे, चिंधी नाही, आणि मी तेव्हा आत त्यांच्यासमोर चहा गाळत होते."

"मावशी काय म्हणाल्या?"

"फोटो छान आलाय म्हणाल्या. मग माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला."

पुढचं तिनेच सांगितलं. राहिलेला दुधी जून होण्याआधीच किडला. वेल आता थकलाय, पण शेंड्याला बोटाएवढं एक फळ आहे. धरलं तर धरलं. "या वेळी माझी लाल ओढणी बांधलीय. पाहुण्यांनाही दिसेल."

तो फोटो इथे टाकलेला नाही. ग्रुपवर सल्ले देणं थांबवलंय. कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. चिंधी धुऊन, घडी करून टेबलावर ठेवली आहे. येत्या रविवारी दहानंतर ती परत द्यायला जाणार आहे. केळी नेणार नाही. तोंडाने काय बोलायचं ते अजून ठरत नाही.