तक्रारबाईंची पहिली तक्रार

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, तळमजल्यावर जिन्याखाली एक लांबोडकी खोली होती. खोलीत तीन टेबलं, तीन फोन आणि एक जाडजूड नोंदवही. मधल्या टेबलावर गेली एकोणीस वर्षं एकच बाई बसत. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतं, कोपऱ्यावर पाइप फुटलाय, मीटरला वेड लागलंय. जे असेल ते शहराने त्यांच्या कानात ओतायचं आणि त्यांनी वहीत उतरवायचं. म्हणून सगळे त्यांना तक्रारबाई म्हणत. स्वतः त्यांनी मात्र जन्मात कधी कोणाकडे तक्रार केली नव्हती. चहा थंड आला तर थंड प्यायच्या, बूट चावला तर चावत्या बुटाने चालायच्या.

काळजीचं दुकान डोक्यात कायम उघडं. सकाळी निघताना गॅस बंद आहे ना, हे तीनदा बघायचं. गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत यायचं आणि कुलूप ओढून बघायचं. नवरा कुलपं-किल्ल्यांचाच कारागीर, दाराचं कुलूप त्याने स्वतःच्या हाताने बसवलेलं. "अगं, गावभरची माणसं माझ्या कुलपाच्या भरवशावर झोपतात," तो म्हणायचा, "आणि माझीच बायको त्याला रोज हिसके देते." त्या हसायच्या आणि आणखी एक हिसका देऊन निघायच्या. कॉलेजातून यायला लेकीला दहा मिनिटं उशीर झाला, की यांच्या मनात तेवढ्यात अपघात होऊन, हॉस्पिटल गाठून, टाकेही घालून झालेले असत. थकवा तर असा मुरला होता, की रविवारभर झोपूनही सोमवारी त्या शिळ्याच उठत.

एका संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, मी निघाले गं."

"पत्ता सांगा," तक्रारबाई म्हणाल्या. "किती दिवसांपासून?"

लेक खो खो हसली. मग तिने हळूच विचारलं, "आई, तू बरी आहेस ना?"

त्यांनी "हो" म्हटलं खरं, पण त्याच आठवड्यात मऊसूत पाव खाताना त्यांच्या दाढेचा तुकडा पडला.

दातांच्या डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या आणि बोलायला सडेतोड. इवलासा आरसा दाढांवरून फिरवत त्यांनी विचारलं, "कोणावर एवढे दात खाता हो?"

"मी? कोणावरच नाही."

"मग फुकट खाताय. घासून घासून सपाट केल्यात दाढा. झोपेत दातांवर घालायला पट्टी देते, पण दिवसा कधी खाता ते तुम्हीच शोधा. ओठ मिटलेले असले तरी आत दात एकमेकांना टेकलेले नसावेत, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी तक्रारबाईंनी स्वतःवर पहारा ठेवला. घंटा वाजली की दात टेकत. पलीकडचा ओरडला की आवळत. फोन ठेवून ते सुटणार, तोच पुढची घंटा. दुपारपर्यंत दातांची एकदाही फारकत झाली नाही. डबा एका हाताने खाल्ला, रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून. पाणी तर त्या पीतच नव्हत्या. प्यायलं की उठावं लागतं, आणि उठायला सवड कुठे होती?

मग त्यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. फोन ठेवला की जबडा सैल सोडायचा, खांदे खाली टाकायचे, एक लांब श्वास बाहेर सोडायचा, आणि मगच पुढचा फोन. मोजून तीन सेकंद. पहिल्या दिवशी त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी घरी जाताना मान दुखत नव्हती.

पण खोलीला लागूनच्या काचेच्या केबिनमध्ये साहेब बसत, आणि त्यांच्या टेबलावर एक लाल दिवा होता. फोन उचलायला क्षणभर उशीर झाला की तो लुकलुकायचा.

"बाई, दिवा लागतोय."

"तीन सेकंदच साहेब. श्वास घेतेय."

"श्वास घरी घ्या," साहेब म्हणाले.

तक्रारबाईंनी नोंदवही पुढे ओढली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: तक्रारीचा प्रकार, पाणी मिळत नाही. ठिकाण, तळमजला, तक्रार कक्ष. तपशील, कर्मचाऱ्यांना सहा-सहा तास जागेवरून उठता येत नाही, त्यामुळे पिण्याचे पाणी मिळत नाही. किती दिवसांपासून, एकोणीस वर्षे.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने वाकून वाचलं. "ताई, अहो नोकरी जाईल तुमची."

"पाणीपुरवठ्याचीच तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याच खात्याची. क्रमांक पडलाय."

क्रमांक पडला म्हणजे पडला. वहीचं पान फाडता येत नसे, खोडता येत नसे, आणि सात दिवसांत जागेवर येऊन पाहणी करावीच लागे. साहेबांनी वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. "ही थट्टा आहे का?"

तक्रारबाईंनी आधी जबडा सोडला. "नाही साहेब. हवं तर माझी दाढ दाखवते."

पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या मुख्य इंजिनिअरबाई स्वतः पाहणीला आल्या. वही वाचताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. तक्रारबाईंना उठवून त्या मधल्या खुर्चीवर बसल्या. तासभर त्यांनी फोन घेतले. पहिल्या माणसाने त्यांची अक्कल काढली, तिसऱ्याने खानदान. तास संपल्यावर त्या मानेवर हात ठेवून उठल्या आणि पाणी मागितलं.

पुढच्या महिन्यात खोलीत चौथं टेबल आलं. दर दोन तासांनी दहा मिनिटं उठायची मुभा, जेवायला अर्धा तास, आणि साहेबांच्या टेबलावरचा दिवा काढून टाकलेला. तक्रार निकाली काढायला तक्रारदाराची सही लागे. 'समाधान झाले का?' या रकान्यात तक्रारबाईंनी लिहिलं, 'अंशतः. खुर्च्यांना पाठ नाही.' पंधरा दिवसांत पाठीच्या खुर्च्याही आल्या. सही त्यांनी त्यानंतरच केली.

काळजी काही पळून गेली नाही. पण आता कुलूप एकदाच ओढलं जाई, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या कचेरीमागच्या रस्त्यावर दोन चकरा मारून येत. झोप लागू लागली, आणि दाढेवर नवी टोपी बसली.

आणि मग एके सकाळी मुख्य जलवाहिनी फुटली. अर्धं शहर कोरडं पडलं. चारही फोन एकाच वेळी कोकलायला लागले. चौथ्या टेबलावर नवीन आलेली मुलगी तिसऱ्याच फोनला रडवेली झाली. तक्रारबाईंनी तिचा रिसीव्हर हातात घेतला, माणसाला ओरडू दिलं, मग शांतपणे म्हणाल्या, "टँकर दहा वाजता तुमच्या चौकात येतोय. तुमच्या घरात म्हातारं-आजारी कोणी आहे का? मग तुमचं नाव वर लिहिते." पलीकडचा माणूस चक्क "बरं ताई" म्हणाला.

त्या दिवशी त्या खोलीने आठशे फोन घेतले आणि एकही अर्धवट सोडला नाही. साहेब स्वतः दारात उभे राहून टँकरच्या वेळा वाचून दाखवत होते. साडेबाराला तक्रारबाई उठल्या.

"आत्ता, बाई?" साहेबांनी विचारलं.

"आत्ताच," त्या म्हणाल्या. "आधी या मुलीला पाठवते. ती आली की मी जाईन, आणि मी आले की तुम्हीही जरा मोकळ्या हवेत जाऊन या साहेब. चेहरा बघा कसा झालाय."

साहेब गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चौघींसाठी गार पाण्याच्या चार बाटल्या होत्या.