प्रोफेसर हर्डीकरांनी निजवलेली माणसे

एखाद्याचा धंदा बसला की त्याच्याविषयीच्या गोष्टी वाढत जातात, आणि सांगणारा प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचे थोडे घालतो. म्हणून आधीच स्पष्ट करतो. पुढचे सर्व किस्से मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, डोंबिवलीला अप्पा कानडे यांच्या ओटीवर ऐकले. अप्पा हे प्रोफेसर हर्डीकरांचे पेटीवाले. प्रत्येक खेळात विंगेत बसून पेटी वाजवत. मी मानसशास्त्र घेऊन एम. ए. झालो, एवढ्याच भांडवलावर त्यांनी मला हे सांगितले. त्यांनी स्वतः पाहिले तेवढेच मी येथे देत आहे.

*

हर्डीकर कोणत्याही कॉलेजात प्रोफेसर नव्हते. जादूगाराने नावामागे ती पदवी लावायची, असा तेव्हाचा रिवाजच होता.

ठाण्याला एका शाळेच्या पटांगणात खेळ होता. रुमालातून कबूतर काढायचे होते. परंतु प्रोफेसरांचा उजवा हात अलीकडे थरथरू लागला होता. कबूतर वेळेआधीच बाहीतून निसटले आणि कनातीवर जाऊन बसले. प्रोफेसरांच्या हातात नुसता रुमाल!

"प्रोफेसर, आता रुमाल तरी उडवा!" मागून कोणीतरी ओरडले.

लोक पोट धरधरून हसले. प्रोफेसरही हसले. विंगेत आल्यावर मात्र ते डाव्या हाताने उजवे मनगट घट्ट धरून बसले.

"अप्पा, डॉक्टर म्हणतात हे वाढतच जाणार."

*

संमोहनाची कल्पना अप्पांची. "हात चालत नाही ना? मग तोंड चालवा!"

कल्याणला पहिला प्रयोग झाला. रंगमंचावर कोणाला बोलवावे, याचे अप्पांचे स्वतःचे शास्त्र होते. "हाताची घडी घालून बसलेल्याच्या वाटेला जायचं नाही. जो शेजाऱ्याला कोपर मारून हसतोय, तो निम्मा झोपलेलाच असतो!"

असाच एक कारकून वर आला. प्रोफेसरांनी त्याला निजवले आणि बोलता बोलता हिमालयात नेले. गृहस्थ दात वाजवत कुडकुडू लागले. सभागृह थक्क! तेवढ्यात बायकांच्या बाजूने खणखणीत आवाज आला.

"अहो, घरी मी बंडी घाला म्हणते तेव्हा बरं उकडतं तुम्हाला!"

कुडकुडणे जागच्या जागी थांबले. डोळे मात्र गृहस्थांनी उघडले नाहीत. अप्पांच्या मते, ते आता संमोहनामुळे मिटलेले नव्हते.

*

डोंबिवलीच्या प्रयोगात एक शाळामास्तर वर आले. प्रोफेसरांनी त्यांना निजवून हातात कच्चा कांदा दिला. "हे काश्मीरचं सफरचंद आहे." मास्तरांनी तो अख्खा कांदा मिटक्या मारीत खाल्ला. टाळ्या थांबेनात! प्रोफेसरांचा चेहरा इतका उजळलेला अप्पांनी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

पडदा पडल्यावर मास्तर विंगेत आले. डोळ्यांना धारा लागलेल्या.

"प्रोफेसर, पुढच्या वेळी जरा गोड कांदा आणा हो!"

"म्हणजे तुम्ही जागे होतात? मग खाल्लात कशाला?"

मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले. "कांदा देताना तुमचा हात फार थरथरत होता. वाईट वाटलं."

मास्तर सज्जन होते. मोडता घालायला आलेला एखादा टवाळ परवडला असता, असे अप्पा म्हणतात.

*

त्यानंतर प्रोफेसरांच्या डोक्यात एकच विचार राहिला. हात तर गेलाच होता. आजवर निजवलेल्या माणसांपैकी एक तरी खरोखर निजले होते का? एक जरी निजले असेल, तर आपण अजून कोणीतरी आहोत, नाहीतर नाही.

एका दुपारी अप्पा घरी गेले, तर प्रोफेसर बायकोला पाटावर बसवून तिच्यावरच प्रयोग करीत होते. कमळाताईंनी पहिल्या वाक्यालाच डोळे मिटले.

बराच वेळ गेला. प्रोफेसरांनी हलकेच विचारले, "अगं, झोपलीस?"

"हो," कमळाताई म्हणाल्या. मग डोळे न उघडताच पुढे म्हणाल्या, "उठू का आता? दूध उतू जाईल."

अप्पा हसले. त्यांच्याबरोबर कोणीच हसले नाही.

*

शेवटचा प्रयोग विठ्ठलवाडीजवळ फाळणीतल्या निर्वासितांच्या छावणीत झाला. प्रोफेसरांना जायचे नव्हते, अप्पांनी ओढून नेले. तेथे कोणी कोपर मारून हसणारा दिसेना. शेवटी हाताची घडी घालून बसलेला एक वृद्ध सिंधी गृहस्थ स्वतःच उठून वर आला.

प्रोफेसरांनी नेहमीची वाक्ये मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटली. "सो जाइए. अब आप अपने घर पहुँच गए." हे वाक्य प्रत्येक खेळात असे. ते येथे म्हणायचे नाही, हे दोघांपैकी कोणालाही आधी सुचले नाही.

म्हातारा डोळे मिटूनच उठला. हवेत हात वर करून त्याने कडी काढली. ठेंगण्या दारातून जावे तसा खाली वाकला आणि आत गेला. मग रंगमंचाच्या मधोमध मांडी घालून बसला. मंडपात मागे एक बाई रडू लागली.

अप्पांनी पेटी थांबवली. "प्रोफेसर, उठवा त्याला!" ते विंगेतून कुजबुजले.

"जागिए," प्रोफेसर म्हणाले. पुन्हा म्हणाले. म्हातारा हलला नाही. प्रोफेसर जवळ गेले, पण जेथे त्याने कडी काढली होती तेथेच थबकले.

म्हाताऱ्याने मिटल्या डोळ्यांनीच मान वर केली.

"बाहर क्यों खड़े हो, भाई? अंदर आओ, बैठो."

प्रोफेसरांनी पायातले बूट काढून बाजूला ठेवले, मान खाली घातली आणि वाकून आत गेले.

त्यानंतर त्यांनी एकही प्रयोग केला नाही. म्हातारा त्या वेळी झोपेत होता की जागा, याची खात्री मला कोणाकडूनही करून घेता आली नाही. छावणीत त्याला ओळखणारे आज कोणी सापडत नाही, आणि अप्पा शपथेवर सांगतात ते फक्त बुटांचे.