ओहोटीची लेव्हल

गोराईच्या ट्रिशा किणीला "परत घेऊया" म्हणायची सवय नोकरीनं लावली. अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत ती रेकॉर्डिंग करते. काचेपलीकडे कलाकार उभा असतो, पडद्यावर कुणीतरी परक्या भाषेत रडत नाहीतर भांडत असतं, आणि त्या ओठांवर मराठी शब्द नीट बसेपर्यंत ट्रिशा बटण दाबून सांगत राहते, "छान होतं. परत घेऊया." एका जुन्याजाणत्या कलाकारानं तर वैतागून विचारलं होतं, "बाई, तुला कधी काही आवडतं का?"

"आवडलं की सांगते ना," ट्रिशा म्हणाली, आणि परत घ्यायला लावलं.

घरी तिची आई पेट्रिशिया पाहुण्यांना सांगते, "हिच्या लग्नाची मी घाई करत नाही. ऐन वेळी फादरला म्हणेल, परत घेऊया."

अशा बाईच्या डोक्यात एकदा बेडूक शिरला.

बेडूक तसा जुनाच होता. ट्रिशा शाळेत असताना तिचा आतेभाऊ एल्टन याच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यातल्या एका कॅसेटमध्ये छत्रीवाला बेडूक होता. या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत जायचं, उडी तोकडी पडली तर छत्री उघडून जरासं तरंगायचं, एवढाच खेळ. कॅसेटवरचं नाव कुणाला वाचता यायचं नाही, म्हणून सगळी वाडी त्याला बेडूकच म्हणायची. पुढे तो गेम बंद पडला, कॅसेट बिघडली, आणि दोघंही मोठी झाली. एल्टन बापाच्या होडीवर गेला, ट्रिशा फेरीबोटीनं खाडी ओलांडून बोरिवलीला आणि तिथून अंधेरीला जाऊ लागली.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल चाळताना तिला कळलं, की त्या बेडकावर जीव असलेली माणसं जगभर आहेत. त्यांनी तो गेम कॉम्प्युटरसाठी नव्यानं बांधला होता, आणि ज्याला हवी त्यानं स्वतःची लेव्हल बनवावी म्हणून लागणारं सगळं सामान फुकट ठेवलं होतं. आपल्याकडच्या चाहत्यांचाही एक ग्रुप निघाला. तो मुलुंडचा प्रांजल नावाचा मुलगा चालवायचा. दर डिसेंबरात तिथे सगळ्यात कठीण लेव्हलची स्पर्धा असायची. नियम एकच, पण कडक. लेव्हल ज्यानं बनवली, त्यानं ती स्वतः एका दमात पार करून दाखवायची आणि ते रेकॉर्डिंग पाठवायचं. स्वतःला न जमणारी लेव्हल दुसऱ्याच्या माथी मारायची नाही.

ट्रिशाला विषय शोधावा लागला नाही. लहानपणी ओहोटीला धक्क्याजवळ बांधलेल्या होड्यांवरून ती आणि एल्टन उड्या मारत जायची. तेच तिनं मांडलं. खाडीत ओळीनं होड्या. पाणी उतरत जातं तशा होड्याही खाली जातात, धक्का उंच उंच होत जातो. जास्त रेंगाळलात तर होडी चिखलात बसते आणि कलंडते. शेवटची होडी तर बेडकाचा पाय लागताच कलायची, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. या शेवटच्या होडीचा ट्रिशाला फार अभिमान होता.

तिनं लेव्हल चाचणीसाठी प्रांजलला पाठवली. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"पाण्याचं काम झकास आहे," तो म्हणाला. "पण शेवटची होडी कुठे कलणार ते कळायचं कसं?"

"कळत नाही, तीच तर मजा आहे."

"ही मजा नाही, हा मटका आहे. आकडा लागला तर लागला."

"तुला जमत नाही तर तसं सांग ना, यार."

"अगं, मी मरायला तयार आहे! पण मेल्यावर मला कळलं पाहिजे ना, चुकलं माझं. इथे मी चुकतच नाही, नुसता मरतो."

ट्रिशानं फोन ठेवला आणि रात्रीच्या जेवणात कुणाशी धड बोलली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारीला स्वतःची चूक ऐकायची सवय नव्हती.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून ती तशीच धक्क्यावर गेली. ओहोटी होती. एल्टन होडीत इंजिन उघडून बसला होता.

"मी होड्यांवरून पलीकडे जाणार आहे," तिनं सांगितलं.

"वेडी झालीस का? या वयात?" मग तिचा चेहरा बघून तो म्हणाला, "बरं, सँडल तरी काढ."

पहिली होडी सोपी गेली, दुसरीवर ती जराशी डगमगली. तिसऱ्या होडीवर पाय पडला मात्र, होडी कलली आणि ट्रिशा मिस्सेच्या कपड्यांसकट कमरेपर्यंत चिखलात. एल्टन इतका हसला की त्याच्या हातातला पाना पाण्यात पडला. मग दोर टाकून तिला ओढता ओढता म्हणाला, "दोर नाही का बघायचा आधी? लहानपणी तूच शिकवलंयस मला."

ट्रिशा तशीच चिखलात उभी राहून वर बघू लागली. खरंच की. होडी दोन्ही बाजूंनी दोरांनी बांधलेली. कलण्याआधी एका बाजूचा दोर ताठ व्हायचा, आणि होडी त्याच्या उलट बाजूला जायची. पोरवयात हे तिच्या पायांना ठाऊक होतं. कॉम्प्युटरवर मात्र तिनं होड्या काढल्या, पाणी काढलं, आणि दोरच विसरली.

त्या आठवड्यात तिनं प्रत्येक होडीला दोर बांधले. होडी कलण्याच्या किंचित आधी दोर ताणला जाईल अशी सोय केली. आता नशिबाचा भाग उरला नाही, तेव्हा तिनं बिनदिक्कत होड्या वाढवल्या आणि त्यांच्यातलं अंतरही वाढवलं. प्रांजलनं बघून कळवलं, "आता मेलो तरी शिव्या देणार नाही."

पण तो मेलाच, आणि ट्रिशाही मेली. आपणच खणलेला खड्डा आपल्याला ओलांडता येईना. रोज सकाळी फेरीबोट गाठण्याआधी ती चहाचा कप बाजूला ठेवून बसायची. बेडूक अर्ध्यावर पोचायचा, कधी त्याच्याही पुढे, आणि खाडीत जायचा. पेट्रिशिया भाकऱ्या थापता थापता विचारायची, "मेला का गं?"

"मेला."

"मग आवर आता, बोट सुटेल."

स्पर्धेची मुदत जवळ आली, तसे सल्ले सुरू झाले. एल्टन म्हणाला, "गेम हळू चालवून खेळ आणि मग व्हिडिओ पळव. तुमच्या डबिंगमध्ये नाही का तुकडे जोडत?"

"तिथे जोडतात हे सगळ्यांना माहीत असतं," ट्रिशा म्हणाली.

प्रांजलनं शेवटची होडी थोडी रुंद करायला सुचवलं. "रुंद केली तर ती होडी राहत नाही, फेरीबोट होते," असं उत्तर देऊन तिनं तोही विषय संपवला.

मुदत टळली. निकाल लागला, दुसऱ्याच कुणाची तरी लेव्हल पहिली आली. ट्रिशानं ती खेळून बघितली. चांगली होती, म्हणून आणखीच वाईट वाटलं. बर्नार्ड, तिचा बाप, मितभाषी माणूस. त्यानं विचारलं, "संपली ना शर्यत? मग आता सकाळी झोप जरा."

"शर्यत संपली, डॅडी. लेव्हल कुठे संपलीये?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बसली. त्याच सुमारास स्टुडिओत एक नवी मुलगी डबिंगला आली. सारखी चुकायची. पाठीमागचं संगीत हेडफोनमध्ये चालू होतं आणि ती नकळत त्याच्या ठेक्यावर बोलत होती, पडद्यावरचे ओठ मात्र वेगळ्याच चालीनं हलत होते. ट्रिशानं सवयीनं संगीत बंद केलं, आणि मुलीचं वाक्य एकदम बसलं. ट्रिशाचा हात बटणावरच राहिला. आपल्या लेव्हलला तिनं एक छान उसळतं गाणं लावलं होतं. तिची बोटं त्या गाण्यावर नाचत होती. पाणी काही त्या ठेक्यावर उतरत नव्हतं.

तिनं गाणं काढून टाकलं. मोकळ्या जागेत काय ठेवायचं, हेही तिला लगेच सुचलं. शनिवारी ती छोटा रेकॉर्डर घेऊन धक्क्यावर गेली आणि एल्टनला ओले दोर ओढायला लावले. करकर, कुरकुर, चर्र.

"हा झाला ना?" एल्टन घामाघूम होऊन म्हणाला.

"छान होता. परत घेऊया."

"तुझी वाट लागो!" म्हणत त्यानं पुन्हा ओढला.

आता लेव्हलमध्ये गाणं नव्हतं. पाण्याची चुबुकचुबुक होती, आणि होडी कलण्याआधी तिचा दोर करकरायचा. ट्रिशा त्या आवाजांवर खेळू लागली. तरीही बरेच दिवस गेले. बोटं चुकत होती, पण आता कुठे चुकली ते तिला दर वेळी सांगता येत होतं.

एका रविवारी दुपारी घरात माशाच्या कालवणाचा वास होता आणि बर्नार्ड खुर्चीत डुलकी काढत होता. बेडकानं पाचवी होडी ओलांडली, सहावी ओलांडली. शेवटच्या होडीचा डावा दोर करकरला. ट्रिशानं उजवीकडे कलणाऱ्या काठावरून उडी घेतली, छत्री उघडली, आणि बेडूक धक्क्याच्या पायरीला लोंबकळत वर चढला.

ट्रिशा किंचाळली. बर्नार्ड दचकून उठला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, डॅडी! पोचला! बेडूक पोचला!"

पेट्रिशियानं कालवणाचा डाव हातात घेऊनच दारातून डोकावलं, आणि ट्रिशानं आईला डावासकट मिठी मारली.

स्पर्धेबाहेरची म्हणून प्रांजलनं लेव्हल ग्रुपवर टाकली. लोक तुटून पडले. रोज कुणीतरी कळवायचं, चौथ्या होडीपर्यंत आलो, सहाव्यापर्यंत आलो. पार मात्र कुणी होईना. ट्रिशा दुपारच्या सुट्टीत त्यांचे व्हिडिओ बघायची, आणि परक्या माणसाचा बेडूक पडला की हळहळायची.

पहिली पार झाली ती घाटकोपरची सई नावाची मुलगी. ट्रिशानं तिचा व्हिडिओ लावला आणि मध्येच थांबवला. मागे नेऊन पुन्हा बघितला. सईनं शेवटच्या दोन होड्यांना पायच लावला नव्हता. धक्क्यालगत ट्रिशानं नुसत्या शोभेसाठी तिवरांची झाडं काढली होती. सईचा बेडूक छत्री उघडून त्यातल्या एका फांदीवर टेकला होता आणि तिथून थेट धक्क्यावर.

प्रांजलचा निरोप आलाच. "ही पळवाट आहे. फांदी काढून टाक, पाच मिनिटांचं काम आहे."

ट्रिशाला आधी रागच आला. एवढे दोर ओढले, ते काय फांदीसाठी? पण फांदी काढण्याआधी तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी तीच वाट स्वतः धरून पाहिली. फांदी बेडकाच्या पावलाहून जेमतेम मोठी. उडी जरा लवकर पडली की बेडूक चिखलात, जरा उशिरा पडली तरी चिखलातच. तिनं परत घेतली, परत घेतली.

"मेला का गं?" आतून आवाज आला.

"मेला!" ट्रिशा म्हणाली. तिनं प्रांजलला लिहून टाकलं, "फांदी राहू दे. ही वाट माझ्या वाटेहून कठीण आहे." आणि बोटीचा भोंगा ऐकू आला तरी अजून एकदा बटण दाबलं.