चाकाखालचं लिंबू

आज दसरा. नातवाच्या नव्या मोटारसायकलखाली लिंबू फुटलं आणि झेंडू, उदबत्ती, पेट्रोल यांत तो आंबट वास मिसळला. मी ओट्यावरून उठून आत गेले.

सत्तरच्या दशकातल्या अशाच एका दसऱ्याला, शेलार गावातल्या आमच्या अंगणात दादाचा टेम्पो उभा होता. लूमवरच्या कापडाच्या गाठी न्यायला घेतलेला. दादा खळ्यात चार संध्याकाळी गाडी शिकला होता. लायसन्स ओळखीने घरी आलं होतं. आईने बोनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं, बाबांनी पुढच्या चाकासमोर लिंबू ठेवलं. टेम्पो गचके खात निघाला आणि लिंबू बाजूलाच राहिलं. दादाने गाडी मागे घेतली, पुन्हा आणली, पुन्हा हुकलं. सगळे हसले. दादाचे कान लाल झाले.

"हसता काय रं? शिकंल रस्त्यावर, त्यात काय हाय!" म्हणत बाबांनी लिंबूच उचलून चाकाला टेकवलं. मग ते फुटलं. आईने नारळ वाढवला.

दिवाळीच्या आत कशेळीजवळ दादाचा टेम्पो गवताचा भारा नेणाऱ्या एका बाईवर गेला आणि उलटला. दोघंही जागीच गेली. "नजर लागली माझ्या पोराला," आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

"आधी नीट शीक रे," मी आज नातवाला म्हटलं.

"आजी, लायसन्सचं बोलून ठेवलंय."

सुनेने नव्या हेल्मेटला हार घालून ते देवापुढे ठेवलं. तो उघड्या डोक्याने हायवेकडे गेला. लिंबू पहिल्याच झटक्यात फुटलं, म्हणून घरात सगळे खूश आहेत.