पालथी ताटली

मऊ भाताचा डबा घेऊन मी नगरला, सावेडीतल्या दवाखान्यात पोचलो, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीची, शोभाची, कॉट रिकामी होती. नर्स म्हणाली, "पहाटे हृदय थांबलं..." भरलेला डबा मांडीवर घेऊन मी तिला आणणाऱ्या गाडीतून मिरजगावला परत आलो. त्याला दोन महिने होत आले. भीती मात्र अजून गेलेली नाही.

शोभा बालवाडीत शिकवायची. अंगानं भरलेली, स्वतःवरच विनोद करून पोरांना हसवायची. एक ठरलेलं लग्न तिच्या जाडेपणावरून मोडलं आणि तिचं जेवण आटत गेलं. विचारलं की म्हणायची, "शाळेत खाल्लं रे दादा." मग सोमवार, चतुर्थी, एकादशी... उपासाला कोण अडवतं? हातांवर बारीक लव आली, उन्हातही अंगातला स्वेटर निघेना.

आमच्याकडे कावळा शिवला की बाईनं मागच्या पडवीत बसायचं. प्रत्येकीची ताटली वेगळी. शोभाच्या ताटलीच्या काठावर तिचं नाव कोरलेलं. ती ताटली कित्येक महिने फळीवरून खाली आली नव्हती. दिसत सगळ्यांना होतं. शेजारच्या सिंधूकाकू म्हणायच्या, "तुमचं बरं हाय बाई. आमच्या सुना नेमक्या देवाच्या टायमालाच बाहेर!" आई हसायची, "माझी पोर लई गुनाची. एकदाबी अडत न्हाई." नवरात्रात घटाला पाणी शोभाच घालायची. मलाही ते सोयीचंच वाटलं. माझा चहा कधी चुकला नाही.

एके दिवशी ती मुलांसमोरच कोसळली. सावेडीच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलंच विचारलं, "पाळी कधीपासून बंद आहे?" आईनं मान खाली घातली. मी बाहेर जायला उठलो, तर बाई म्हणाल्या, "बसा. तुम्हीही ऐका." शरीर उपाशी राहिलं की मेंदू हार्मोन बनवणं आवरतं घेतो, पाळी थांबते, अंगाची ऊब जाते, हृदय मंदावत जातं. "पाळी थांबली तेव्हाच शरीर तुम्हाला सांगत होतं हो." भिंतीकडे तोंड करून शोभा म्हणाली, "आता खाईन ना मी..." खायचं तिच्या मनात होतं. पण घास तोंडाशी आला की ती तो परत ताटात ठेवायची. माझी बहीण भाताला घाबरत होती, आणि मी तिची छाती हलतेय का, ते बघत बसायचो.

माझी लेक वैशाली आता चौदाची आहे. आत्यासारखीच भरलेली. तेराव्यानंतर एकदा तिनं अर्धी भाकरी मागे सारली, "भूक नाही, पप्पा." आत्याची ताटली आईनं तिलाच दिली होती. ज्या पडवीकडे पुरुषांनी बघायचं नसतं, तिकडे मी रोज बघू लागलो. ताटली फळीवरच, कोरडी...

परवा दुपारी ती मोरीपाशी पालथी घातलेली दिसली. धुतलेली, ओली. मी उंबऱ्यावरच बसलो.

पडवीतून वैशाली ओरडली, "पप्पा, इकडं काय करताय? जा ना!"

"पोटभर जेवलीस का गं?" एवढंच मला विचारता आलं. उत्तर येईपर्यंत मी काठावरच्या त्या नावावरून ओघळणारं पाणी बघत राहिलो.