डुलबाईंचा कंबरदुखीचा वर्ग

डुलबाईंना स्वस्थ उभं राहणं जमायचंच नाही. जीपची वाट पाहतानाही त्या डुलायच्या. नाव त्यांचं चांगलं होतं, पण बोरी अरबच्या बायांच्या तोंडी लागल्यावर कोणाचं नाव टिकलंय?

कपाशीचे वाईट दिवस होते. दारव्ह्याकडून येणारी जीप रोज एखादा उपकारकर्ता उतरवून जायची. कोणी शेळ्या वाटल्या, कोणी शिलाई मशिनी. डुलबाईंनी आणली सतरंजी. कंबरदुखीचा वर्ग म्हणून आम्हाला बालवाडीत जमवलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "लहानपणी कोणी नको तसा हात लावला असेल, तर अंग ते धरून बसतं. इथं कोणी काही सांगायचं नाही. अंगालाच विचारायचं."

"अंगाले काय विचारता बाई," मी म्हटलं, "ते काय बोलून राह्यलं?" बाया हसल्या. गावातली हुशार मीच ना.

ही हुशार बाई कापूस वेचायला जाताना कमरेला बांधायच्या ओटीची गाठ कोणाला पाठीमागून मारू देत नसे. पुढे मारायची आणि कमरेभोवती फिरवून मागे न्यायची. बसायचं तर भिंतीला पाठ लावून. याला मी शिस्त म्हणायचे. लहानपणी काकांनी माझ्याशी जे केलं, त्याचा याच्याशी संबंध असेल, हे या तल्लख डोक्यात कधी शिरलंच नाही.

डुलबाई विचारायच्या, "ताई, पाठीशी उभी राहू?" मी म्हणायचे, "नको." त्या "बरं" म्हणून दूर व्हायच्या. माझं 'नको' ऐकणारं माणूस मला नवीनच होतं, म्हणून मी ते चवीनं म्हणायचे. हिवाळा सरता सरता एकदा तोंडून "रहा" निघून गेलं. त्या मागे येऊन नुसत्या डुलत राहिल्या. मीही डुलले, गाभण म्हशीसारखी.

उन्हाळ्यात माहेरी लग्न निघालं. काका खुर्चीत, सगळे ओळीनं त्यांच्या पाया पडत होते. माझा नंबर आला. हाताशी माझी लेक, काकांच्या वेळी मी होते तेवढीच.

"वाक न व बाई," आई म्हणाली, "पोरीलेही वाकव."

हिवाळाभर सैल केलेली कंबर जागची हलली नाही. पाय तेवढे मागे सरले, लेकीसकट.

"नको," मी म्हटलं. "तिलेही नको."

आशीर्वादाला उचललेला काकांचा हात तसाच राहिला. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, आणि पुढच्या पोरीला वाकवायचं विसरली.

वर्ग संपवून डुलबाई निघाल्या, तेव्हा थांब्यावर मी त्यांना हे सांगितलं. "एवढं शिकवलं तुम्ही, अन् ऐन वेळी मले वाकताच नाही आलं."

"मग, कंबर दुखली?" त्यांनी विचारलं.

नव्हती दुखली. जीप येईपर्यंत आम्ही दोघी तिथं डुलत उभ्या होतो आणि सारा थांबा आम्हाला हसत होता.